लिंगोगीतांतील बालक व त्याचे सोबती

१

गोंडवनाच्या इतिहासाचीं साधनें धुंडाळणाऱ्यांस रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचें नांव नवें नाहीं. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे हे मिशनरी १८४५ सालीं नागपुरास आले, आणि पुढील अठरा वर्षांत धर्मोपदेशाबरोबरच या प्रांतांतील खडक, जुनीं शिलावर्तुळें व वन्य जमातींच्या भाषा यांचा त्यांनीं कसून अभ्यास केला. ता. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाट येथील शिलावर्तुळांकडे गेले असतां परतीच्या वाटेवर नाल्याच्या पुरांत बुडून त्यांचा अंत झाला. त्यांचीं अपुरीं राहिलेलीं टिपणें मध्यप्रांताचे तत्कालीन चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं छापून प्रसिद्ध केलीं. त्या पुस्तकांतील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे एका परधानाच्या तोंडून उतरून घेतलेलें लिंगोचें दीर्घ गीत होय. मूळ गोंडी शब्द रोमन लिपींत व सोबत त्यांचा इंग्रजी अर्थ, अशी त्याची मांडणी आहे.

या गीतावर पुढें दोन संस्कार झाले. कॅप्टन जेम्स फॉर्साइथ यांनीं १८७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या ग्रंथांत, अमेरिकन कवि लाँगफेलो याच्या ‘हायावाथा’ काव्याच्या वृत्तांत त्याचें संक्षिप्त रूपांतर केलें. १९१६ सालीं रसेल व रायबहादूर हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवरील आपल्या चार खंडांच्या ग्रंथांत त्याचा सारांश घेतला. तेव्हांपासून हें गीत बहुधा तीन हेतूंनीं वाचलें गेलें आहे : गोंडांच्या उत्पत्तीची कल्पना समजून घेणें, त्यांच्या कुळींची विभागणी तपासणें, व हिंदु पुराणांचा संसर्ग किती झाला तें ठरविणें. हे तिन्ही हेतु रास्त आहेत. परंतु या वाचनांत एक साधी गोष्ट नजरेआड झाली. गीताचा नायक कथेच्या रंगभूमीवर प्रवेश करतो तेव्हां तो राजा नाहीं, योद्धा नाहीं, सिद्धहि नाहीं. तो नऊ वर्षांचा मुलगा आहे. असामान्य बुद्धीचें एक मूल सामान्य सोबत्यांत येऊन पडलें म्हणजे त्या मुलाचें काय होतें व त्या सोबत्यांचें काय होतें, हा या गीताच्या मध्यभागाचा खरा विषय आहे, असें आमचें मत आहे. तें सप्रमाण मांडावें, व त्यावरून हस्तलिखितांचा व मौखिक वाङ्मयाचा संग्रह करणाऱ्यांवर कोणतें कर्तव्य येऊन पडतें तें सांगावें, एवढ्यासाठीं हें परीक्षण लिहिलें आहे.

२

मूळ पुस्तक सर्वांच्या हाताशीं असेल असें नाहीं. म्हणून कथाभाग प्रथम थोडक्यांत सांगतों. महादेवानें गोंडांस गुहेंत कोंडून तोंडावर प्रचंड शिळा लोटली. चौघे भाऊ तेवढे निसटले व काचिकोपा लोहागड नांवाच्या रानांत शिकारीवर निर्वाह करूं लागले. इकडे पहिंदीच्या फुलांतून लिंगो जन्मास आला. उंबरावरून ठिबकणाऱ्या मधावर तो वाढला, हळदींत खेळला, झोपाळ्यावर निजला. नवव्या वर्षीं त्याच्या मनानें घेतलें कीं येथें आपल्यासारखें कोणीच नाहीं. जेथें आपल्यासारखा कोणी भेटेल तेथें आपण जावें. तो डोंगरावर चढला, त्यास दूरवर धूर दिसला, आणि धुराच्या मागानें जातां शिकार भाजीत बसलेले ते चौघे भाऊ त्यास भेटले. त्यांनीं त्यास आपलासा केला. चौघांचे पांच झाले.

पुढें त्यांनीं त्यास खावयास दिलें. लिंगोनें, ज्या जनावरास काळीज नाहीं त्याचेंच आपण खाऊं, अशी अट घातली. चौघांनीं सारें रान पालथें घातलें. असें जनावर मिळालें नाहीं, व ते खजील होऊन परतले. मग त्यानें त्यांस झाडें तोडून शेत करावयास लाविलें. चौघांच्या तळहातांस फोड आले. लिंगोनें कुऱ्हाड हातीं घेतली आणि तेंच काम बघतां बघतां उरकलें. शेत नीलगाईंनीं खाल्लें तेव्हां माग काढणारा तोच. शिकार भाजावयास विस्तव मिळेना, तेव्हां रिकाड गौरी नामक राक्षसाकडे धाकटा भाऊ गेला व भिऊन परत आला. मग भोपळा, बांबू व आपल्या डोक्याचे केस घेऊन लिंगोनें वाद्य केलें, आणि त्याच्या सुरांवर तो राक्षस व त्याची बायको नाचूं लागलीं. राक्षसाच्या सात मुली त्यानें आणिल्या, पण स्वतः एकहि वरिली नाहीं. सातहि भावांस दिल्या. त्या भावजयांनीं त्याच्यावर मन घातलें. त्यानें त्यांस झिडकारतांच त्यांनीं नवऱ्यांपाशीं उलटी कागाळी केली. चौघांनीं शिकारीच्या मिषानें त्यास रानांत नेऊन बाणांनीं मारिलें. त्याचे डोळे काढिले, आणि रात्रीं त्या डोळ्यांच्या गोट्या करून ते खेळले.

यानंतर भगवंताच्या कृपेनें लिंगो पुन्हां जिवंत झाला. गुहेंतील गोंडांस त्यानें सोडविलें, त्यांच्या कुळी लाविल्या, देवपूजा व विवाहविधि शिकविले, आणि शेवटीं तो त्यांच्यांतून नाहींसा झाला. आज गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यांतील कचारगडची गुहा हीच ती गुहा, असें गोंडबांधव मानतात, व माघ पौर्णिमेस तेथें मोठी यात्रा भरते.

३

आतां गीताच्या मांडणीकडे पाहूं. लिंगोच्या बेंबीवर हिरा होता, कपाळीं चंदनाचा टिळा होता, तो निर्मल होता, अशीं वर्णनें त्याच्या जन्मप्रसंगीं आलीं आहेत. हीं पुराणांतील बालदैवतांच्या वर्णनांशीं इतकीं जुळतात कीं तीं मागाहून चढविलेलीं असावींत असें आम्हांस वाटतें. याउलट काळीज नसलेलें जनावर, तळहातावरचे फोड, विस्तवासाठीं धाडलेला धाकटा भाऊ, आणि डोळ्यांच्या गोट्या हे तपशील कोणत्याहि पुराणाच्या साच्यांतले दिसत नाहींत. ते रानांतल्या जगण्यांतून आले आहेत. म्हणजे दैवी अलंकार दूर केले तरी कथेचा सांगाडा उभा राहतो. सोबत्यांचा तपशील काढला तर कांहींच उरत नाहीं. गीताचा जुना गाभा लिंगोच्या दैवीपणांत नसून त्याच्या व चौघांच्या संबंधांत आहे, हें अनुमान यावरून निघतें.

त्या संबंधाची वाढ गीतकारानें मोठ्या समजुतीनें दाखविली आहे. पहिली गोष्ट ही कीं लिंगो शिष्य शोधावयास निघालेला नाहीं, राज्यहि शोधावयास निघालेला नाहीं. तो आपल्यासारखा कोणी शोधीत आहे. गर्वाच्या आधीं एकटेपणा आहे. दुसरी गोष्ट, चौघे भाऊ प्रथमपासून मत्सरी नाहींत. अनोळखी पोराला त्यांनीं विस्तवाजवळ जागा दिली, पाचवा भाऊ म्हटलें. मत्सर हा वन्य माणसाचा स्वभावच, असा अर्थ या कथेंतून काढणारा वाचक गीत नीट वाचीत नाहीं.

मग बिघाड कोठें झाला? आमच्या मतें तो पहिल्या घासापाशीं झाला. त्यांनीं दिलेलें लिंगो खात नाहीं, आणि नकारासाठीं असें कोडें घालतो कीं जें सुटूं शकत नाहीं. आपल्या समाजांत उच्चनीचतेची जुनी खूण कोणती असेल तर ती पंक्तीची. कोणाच्या हातचें खावें व कोणाच्या हातचें खाऊं नये यावरून माणसाची पायरी ठरत आली आहे. नऊ वर्षांच्या मुलाच्या बुद्धीनें येथें पंक्तिभेदाचें रूप घेतलें आहे. चौघे वडील शिकारी. ज्या एका विद्येंत ते निष्णात होते तिच्यांतच त्या पोरानें त्यांस खजील केलें. शेताच्या प्रसंगीं तेंच पुन्हां घडलें. त्यांचें दिवसभराचें कष्टाचें काम त्यानें अल्पावधींत केलें. आणि तें त्यांच्या फोडांच्या देखत केलें.

याहूनहि खोल गोष्ट विवाहाच्या प्रसंगीं आहे. लिंगो सातहि मुली भावांस देतो. स्वतः कांहीं घेत नाहीं. वरवर पाहतां हें औदार्य आहे. परंतु जो सर्व देतो आणि कांहींच घेत नाहीं त्याचे उपकार फेडतां येत नाहींत. आणि न फिटणारें ऋण हें समानांच्या मैत्रीस सोसत नाहीं. विस्तव त्याचा, शेत त्याचें, गाणें त्याचें, बायकासुद्धां त्यानें आणिलेल्या. चौघांच्या हातीं त्यास द्यावयास कांहींच राहिलें नाहीं. भावजयांची कागाळी हें निमित्त झालें. कथेनें हत्येचा दोष भावांवरच ठेविला आहे, यांत शंका नाहीं. पण त्या दोषाची वाट कशी तयार झाली तेंहि तिनें लपविलेलें नाहीं.

डोळ्यांच्या प्रसंगावर एक आक्षेप येण्याजोगा आहे. सावत्र आईच्या कारस्थानानें अशोकपुत्र कुणालाचे डोळे काढविले गेल्याची बौद्ध कथा प्रसिद्ध आहे. झिडकारलेल्या स्त्रीची खोटी कागाळी हाहि अनेक देशांच्या कथांतून फिरणारा धागा आहे. तेव्हां हा भाग उसना नसेल कशावरून, असें कोणी विचारील. धागा उसना असूं शकेल, हें आम्ही मान्य करतों. परंतु कुणालाचे डोळे राजाज्ञेच्या नांवानें काढले जातात. लिंगोचे डोळे त्याचे सोबती काढतात, व त्यांनीं खेळतात. ज्या नजरेनें तो त्यांच्याहून पुढचें पाहात असे ती नजर त्यांनीं खेळणें करून टाकिली. खेळांत तो कधीं त्यांचा सोबती झाला नव्हता. मेल्यावर त्याचे डोळे तेवढे झाले. हा फेरफार ज्या गायकानें केला त्यास लहान मुलांचे खेळ आणि त्या खेळांतलें क्रौर्य या दोहोंची पुरती ओळख होती.

४

आपल्या परिचित वाङ्मयांत असामान्य बालकांच्या कथा आहेत. त्यांच्याशीं ही कथा ताडून पाहणें उपयोगाचें होईल. महाभारतांतील एकलव्य हा निषादाचा मुलगा. त्याची विद्या पाहून अर्जुन अस्वस्थ होतो, गुरूस वचनाची आठवण देतो, आणि गुरु त्या मुलाचा अंगठा मागून घेतो. येथें सोबती स्वतः हात लावीत नाहीं; वरिष्ठाकडून काम करवून घेतो. आळंदीच्या भावंडांच्या चरित्रांत संन्याशाचीं मुलें म्हणून त्या चौघां बालकांस वाळींत टाकलेलें आहे, आणि पैठणच्या ब्रह्मवृंदापुढें ज्ञानदेवांस रेड्यामुखीं वेद वदवून आपली योग्यता सिद्ध करावी लागते. पैठणच्या शुद्धिपत्राच्या अस्सलपणाविषयीं संशोधकांत वाद आहे, तो येथें उकरून काढण्याचें प्रयोजन नाहीं. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें पुरी झाली तेव्हां तिचा कर्ता ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर होता, एवढें पुरे. त्या कथेंत सभा बालकाची परीक्षा घेते.

लिंगोगीतांत हें उलटें आहे. येथें परीक्षा घेणारा बालक आहे, आणि परीक्षेंत नापास होणारे वडील आहेत. त्यामुळें एकलव्याच्या किंवा ज्ञानदेवांच्या कथेंत वाचकाची सहानुभूति जशी एकाच बाजूस निर्धास्तपणें जाते तशी ती येथें जात नाहीं. गीत दोघांकडेहि पाहतें. लिंगोची हत्या तें क्षमापात्र मानीत नाहीं. पण पुन्हां उठलेला लिंगो तें पहिल्यासारखाहि राहूं देत नाहीं. जिवंत झाल्यावर तो कोडीं घालीत नाहीं. गुहेंतल्या लोकांचा शोध घेतो, त्यांस सोडवितो, प्रत्येकास कूळ देतो, म्हणजेच प्रत्येकास कोणाचा तरी सोयरा करतो. बुद्धीचा पहिला उपयोग त्यानें अंतर दाखविण्यासाठीं केला होता. दुसरा, नातीं लावण्यासाठीं केला. दोन्ही भागांचा कर्ता एक असो वा अनेक असोत, गीताचा विचार एकसंध आहे.

या विचारास बस्तरकडील परंपरेंतहि आधार सांपडतो. व्हेरियर एल्विन यांनीं १९४७ सालीं प्रसिद्ध केलेल्या मुरियांवरील मोठ्या ग्रंथांत लिंगो हा सात भावांतील धाकटा, अठरा वाद्यें वाजविणारा, व घोटुलाचा संस्थापक म्हणून येतो. घोटुल ही मुलांनीं मुलांस शिकविण्याची जागा. मोठ्या मुलांनीं धाकट्यांस नाच, गाणें, शिस्त व गांवचीं कामें शिकवावयाचीं. गुणी असेल त्याचा गुण गटाच्या कामीं लागावयाचा. गडचिरोलीच्या माडिया मुलखांतील गोटुलाचें रूप बस्तरच्याहून भिन्न आहे. तेथें तें गांवाच्या बैठकीचें व पाहुण्यांचें सामायिक घरहि आहे. तरीहि ज्याला सोबत्यांनीं मारिलें त्याच्याच नांवानें सोबत्यांची शाळा चालावी, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो.

५

येथवर गीताचा विचार झाला. आतां तें ज्याच्या मुखांतून आलें त्याचा विचार करणें प्राप्त आहे. कारण आमच्या पूर्वसूरींचा मुख्य दोष तेथें आहे. हिस्लॉपचें नांव राहिलें, टेंपलचें राहिलें, फॉर्साइथचें राहिलें. ज्याच्या कंठांत हजारों शब्दांचें हें काव्य होतें तो पुढील लेखनांत ‘एक परधान’ एवढाच उरला. एखाद्या पोथीचा लेखक, लेखनकाल व लेखनस्थल यांची नोंद न करतां ती दप्तरांत बांधून ठेवणाऱ्यास आपण काय म्हणूं? मग कंठस्थ पोथीच्या बाबतींत तीच हयगय कशी चालावी?

परधान हे गोंडांचे गायक व कुळींचे स्मरणकर्ते. किंगरी हें त्यांचें वाद्य. गोंडांच्या देवकार्यांत व मृताच्या विधींत त्यांच्यावांचून चालत नाहीं. त्यांच्यावर आमच्याच एका मराठी लेखकानें, शामराव हिवाळे यांनीं, १९४६ सालीं स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. परंतु ज्यांच्या पूर्वजांचें यश परधान गात असे ते गोंड पूर्वीं त्याच्या हातचें शिजलेलें खात नसत. हायमेंडॉर्फ यांनीं १९४८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथांतून आणखी एक गोष्ट दिसते, ती मराठी वाचकास विशेष चटका लावणारी आहे. आदिलाबाद म्हणजे चंद्रपूरच्या राजुरा भागास लागून असलेला मुलूख. तेथील परधान आपल्या घरीं मराठी बोलत, व गातांना गोंडी गात. म्हणजे गोंडी भाषेचें सर्वांत मोठें काव्यभांडार ज्यांनीं जपलें त्यांची घरची भाषा मराठी होती. आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत त्यांस एक ओळहि मिळाली नाहीं.

आतां परधानाच्या घरांतील नऊ वर्षांचें मूल डोळ्यांपुढें आणावें. बापाच्या मागें बसून, किंगरीच्या सुरांवर, घरीं न बोलल्या जाणाऱ्या भाषेंतील रात्ररात्र चालणारें काव्य तें ऐकून ऐकून आत्मसात् करतें. कुळींचीं नांवें, देवांचीं ठाणीं, कोणाचा सोयरा कोण, हें सारें त्यास बिनचूक सांगतां यावें लागतें. चूक झाली तर विधि बिघडतो. ही बुद्धि सामान्य नव्हे. पण जेवणाच्या वेळीं तेंच मूल निराळें बसतें. ज्या गोंड पोराच्या आजोबाचें नांव त्यानें गाण्यांत घेतलें तो पोर त्याच्याबरोबर जेवत नाहीं. लिंगोनें सोबत्यांचें अन्न नाकारिलें त्या प्रसंगाचें गायन करणाऱ्या मुलाचें अन्न सोबती नाकारीत असत. हा विरोध लक्षांत घेतला म्हणजे पहिल्या घासाचा तो प्रसंग गायकांनीं इतका ठळक कां जपून ठेविला असेल, याचा तर्क करतां येतो. तर्काहून अधिक आम्ही त्यास म्हणत नाहीं.

६

या प्रश्नाचा आधुनिक विद्येनें आपल्या परीनें विचार केला आहे. अमेरिकेंत लुईस टर्मन यांनीं १९२१ सालीं कॅलिफोर्नियांतील सुमारें दीड हजार बुद्धिमान मुलें निवडून त्यांचा दीर्घ पाठलाग आरंभिला. ज्यांची परीक्षा घेतली पण ज्यांस निवडलें नाहीं अशा मुलांत विल्यम शॉक्ली व लुई अल्वारेझ हे होते. दोघांनाहि पुढें, अनुक्रमें १९५६ व १९६८ सालीं, भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. चाळणी कितीहि बारीक असली तरी तिच्यांतून काय निसटलें तें चाळणीस कळत नाहीं, याचा हा दाखला. न्यूयॉर्कमध्यें लेटा हॉलिंगवर्थ यांनीं अत्युच्च बुद्धीच्या मुलांवर केलेलें काम त्यांच्या मृत्यूनंतर १९४२ सालीं ग्रंथरूपानें आलें. त्यांचा निष्कर्ष असा कीं मध्यम प्रमाणांत पुढें असलेलीं मुलें सोबत्यांत रमतात, पुढारीहि होतात. परंतु फारच पुढें असलेल्यांस बरोबरीचा कोणी मिळत नाहीं, व तीं एकटीं पडतात. डोंगरावर चढून धूर शोधणाऱ्या लिंगोची व्यथा याहून निराळी नाहीं.

आपल्याकडे १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणापासून ग्रामीण भागांतील हुशार मुलांसाठीं नवोदय विद्यालयें निघालीं. चंद्रपूर जिल्ह्यांत तळोधी (बाळापूर) येथें, व १९८२ सालीं त्यांतून निराळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत घोट येथें तीं आहेत. सहाव्या इयत्तेस परीक्षा घेऊन प्रवेश मिळतो. किमान पाऊण जागा ग्रामीण मुलांस, एक तृतीयांश मुलींस, व जिल्ह्यांतील लोकसंख्येच्या प्रमाणांत अनुसूचित जाती व जमातींस राखून ठेवलेल्या असतात. ही व्यवस्था न्यायाची आहे, आणि तिनें अनेक घरांतील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांस दार उघडून दिलें आहे, हें आधीं नमूद करणें आवश्यक आहे. परंतु ही परीक्षा ज्या वीस भाषांत देतां येते त्यांत गोंडी नाहीं. राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांतील बावीस भाषांतहि ती नाहीं. आणि २०११ च्या शिरगणतींत ती बोलणारांची संख्या २९ लक्ष ८४ हजारांवर नोंदलेली आहे. जागा राखून ठेवल्या म्हणजे जातीचें अंतर कांहीं अंशीं भरून निघतें. भाषेचें अंतर तसेंच राहतें. आणि कागदावर न उतरणारी स्मरणशक्ति, जिच्यावर हें सारें काव्य तगून राहिलें, ती तर कोणत्याच परीक्षेंत मोजली जात नाहीं.

दुसऱ्या वाटेचे प्रयोग झालेच नाहींत असें नाहीं. हायमेंडॉर्फ यांनीं १९४३ सालीं आदिलाबादच्या मारलवाई येथें गोंड शिक्षक तयार करण्याचें केंद्र काढून देवनागरींत गोंडी वाचनमाला छापविल्या. भामरागडच्या रानांत हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्पाची शाळा १९७६ सालीं सुरू झाली. धानोरा तालुक्यांत मोहगांवच्या ग्रामसभेनें २०१९ सालीं गोंडी माध्यमाची शाळा काढली, व तिच्या नांवांत ‘गोटूल’ हा शब्द ठेविला. यांतील प्रत्येकाच्या यशापयशाचें मोजमाप हा या लेखाचा विषय नाहीं. परंतु हुशार मुलास त्याच्या सोबत्यांतून उचलून दूर न्यावें, कीं सोबत्यांसह पुढें न्यावें, हा जो वाद आज शिक्षणशास्त्रज्ञांत चालतो, तो लिंगोच्या गायकांनीं फार पूर्वीं ओळखला होता, एवढें निश्चित.

७

प्रस्तुत नियतकालिकाच्या वाचकांत पोथ्या व जुने कागद जमविणारे पुष्कळ आहेत. त्यांस आमची विनंति अशी. आदिलाबाद जिल्ह्यांतील गुंजाळा गांवीं गोंडी लिपींतील हस्तलिखितें मिळालीं, व त्या लिपीस २०१८ सालीं युनिकोडच्या जागतिक अक्षरसंचांत स्थान मिळालें. त्यापूर्वीं मुन्शी मंगलसिंग मसराम यांनीं १९१८ सालीं घडविलेल्या दुसऱ्या गोंडी लिपीस २०१७ सालीं तें मिळालें होतें. तेव्हां गोंडी ही बिनअक्षरांची भाषा, तिचें हस्तलिखित कोठून असणार, ही जुनी समजूत आतां सोडली पाहिजे. चंद्रपूर, राजुरा, गडचिरोली, चामोर्शी या बाजूच्या घरांतून वह्या, कुळींच्या याद्या, गाण्यांचीं टिपणें असण्याचा संभव आहे. त्यांचा शोध व्हावा.

परंतु कागदापुरतें थांबूं नये. लिंगोगीताचा पाठ जेथें जेथें गाइला जातो तेथें तेथें तो उतरून घ्यावा. हिस्लॉपच्या पाठाशीं ताडून पाहावा. पहिल्या घासाचा, शेताचा व डोळ्यांचा प्रसंग त्यांत आहे कीं नाहीं, असल्यास कोणत्या शब्दांत, हें पाहावें. आमचें वरील अनुमान त्यावरून टिकेल किंवा पडेल. पडल्यास आम्हांस खेद होणार नाहीं. आणि प्रत्येक पाठाबरोबर गायकाचें नांव त्याच्या संमतीनें लिहावें. गाणें तो कोणापाशीं शिकला, कोणत्या वयांत शिकला, घरीं कोणती भाषा बोलतो, व त्याच्या मागें बसून आज कोणतें मूल ऐकत आहे, हेंहि लिहावें. ही शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. जुन्या पोथीस वाळवी लागली तर निदान तिचीं पानें मोजतां येतात; किंगरीमागें बसणारें मूल एकदां उठून गेलें म्हणजे त्याबरोबर काय गेलें तें सांगावयासहि कोणी उरत नाहीं.

टेंपलच्या पुस्तकानें आपल्या हातीं एक अमोल काव्य दिलें, त्याचे उपकार आहेतच. मात्र त्यानें लिंगोचे डोळे दिले, आणि ज्याच्या डोळ्यांनीं तो लिंगो पाहिला गेला त्याचें नांव हरवूं दिलें. ती चूक पुन्हां होऊं न देणें आपल्या हातीं आहे.